डाव्या बाजूचा अर्धा फेरा

रावकाका,

मी तुमच्याशी एकदा खोटं बोलले. तुम्हाला जाऊन बावीस दिवस झाले. तुमच्याविषयी चार शब्द लिहायला बसले, तर पहिलं वाक्य हेच उमटलं. खोडलं, चहा करून आले, पुन्हा बसले, पुन्हा तेच. तेव्हा आता राहू दे. लांबलचक प्रस्तावना तुम्हालाही कधी आवडली नाही.

तेराव्याला पुष्कळ माणसं आली होती. तुम्ही कुठल्या ऑफिसात किती वर्षं काढलीत, कुणाला नोकरीला लावलंत, कुणाच्या लग्नात धावपळ केलीत, हे सगळं मी कॉफीचे पेले फिरवत ऐकलं. इंजिनाचा विषय कुणी फारसा काढला नाही. एक गृहस्थ म्हणाले, रिटायर झाल्यावर माणसाला असा एखादा छंद हवाच. काकूंनी त्यांच्याकडे असं काही पाहिलं की त्यांनी दुसरी कॉफी मागितली नाही. नऊ वर्षं ज्याच्यापायी पितळ, पोलाद आणि स्वतःची पाठ झिजवलीत, त्याला लोक छंद म्हणतात हे कळलं असतं, तर तुम्ही तिथल्या तिथे उठून बसला असतात.

आपली ओळख त्या इंजिनामुळेच झाली. सहा वर्षांपूर्वी मी मिरजेहून इकडे तमिळ मुलखात आले. इरुंगाट्टुकोट्टैच्या एका कारखान्यात मोटारींचे सुटे भाग तपासायची नोकरी मिळाली होती. नुंगंबाक्कममधली तुमच्या घराची वरची खोली एजंटाने दाखवली. खाली मराठी माणसं राहतात हे त्यालाही ठाऊक नव्हतं आणि दारावरच्या ‘पंचापकेश राव’ या पाटीवरून मला तरी काय कळणार! पहिल्याच रविवारी सकाळी मागच्या शेडमधून फुस्स आवाज आला आणि पाठोपाठ कुणीतरी करवादलं, “अय्यो, हें परत गळतंय की.” मी जिन्यातच थांबले. मराठी होतं, पण कुठलं ते कळेना.

खाली येऊन विचारलं, तर तुम्ही तेलकट हात पुसत मला नीट न्याहाळलंत. म्हणालात, आमचे लोक महाराजांबरोबर तंजावरला आले, ती भाषा आम्ही पेटीत जपून ठेवली, तुमची उघड्यावर राहून बिघडली. मी म्हटलं, पेटीत ठेवलेल्या वस्तूला बुरशीही लागते. तुम्ही मोठ्याने हसलात आणि काकूंना हाक मारून माझ्यासाठीही कॉफी टाकायला सांगितलंत. तेवढ्यावर आपलं जमलं.

मग तुम्ही मला इंजिन दाखवलंत. मागचा कोळशा-पाण्याचा डबा, म्हणजे टेंडर, धरून माझ्या उंचीएवढं लांब, गुडघ्याएवढं उंच, दोन रुळांमधलं अंतर पाच इंच. खेळण्यासारखं दिसणारं, पण आत खरा कोळसा, खरं पाणी आणि खरी वाफ. तुमचे वडील एग्मोरहून दक्षिणेकडे जाणाऱ्या मीटर गेजच्या गाड्यांवर ड्रायव्हर होते. त्यांच्या इंजिनाची ही छोटी आवृत्ती, एकेक स्क्रू हाताने केलेली. श्रीपेरुंबुदूरच्या पुढे काकूंच्या भावाची नारळाची बाग आहे. तुम्ही तिला तोप्पू म्हणायचात, मीही तेच म्हणायला लागले. तिथे तुम्ही आणि तुमच्या चार मित्रांनी विटांच्या बुटक्या खांबांवर रूळ टाकून एक वळसा तयार केला होता. रविवारी सगळे आपापली इंजिनं व्हॅनमधून आणायचे. इंजिनामागे लाकडी ट्रॉल्या जोडायच्या, त्यांवर पाय खाली सोडून बसायचं आणि माडांमधून फिरायचं. तुमचं इंजिन तेव्हा पुरं व्हायचं होतं. पुरं झालं की पाच माणसं घेऊन विहिरीपाशचा चढ चढायचा, असा तुमचा पण होता. पाचच का, विचारलं तर म्हणालात, आमच्या घरीं पाच माणसं होतों, अप्पांच्या इंजिनामागं अस्के मिळून कधीं बसलोंच नाही, ते सदा पुढं अन् आम्ही सदा घरीं. तुमचं ‘अस्के’ म्हणजे आमचं ‘सगळे’.

तीन वर्षांपूर्वी इंजिन पुरं झालं. दिसायला देखणं. आणि ओढायला? सपाटीवर दोन माणसं कशीबशी. तिसरा बसला की चढाच्या पायथ्याशी चाकं जागच्या जागी गरगरायची, ती सावरावीत तर गाडी गचका खाऊन थांबायची. तुमच्या मित्रांपैकी देवराजन सरांचं इंजिन तुमच्याहून लहान, रंगही धड नाही, ते सहा जणांना घेऊन टुणटुण चढून जायचं. देवराजन सर शाळेत पदार्थविज्ञान शिकवायचे, त्यामुळे घर्षणावर दोन वाक्यं बोलल्याशिवाय त्यांना राहवत नसे. तुम्ही रुळांना दोष द्यायचात. मी म्हणायचे, नाचता येईना अंगण वाकडं. ही म्हण तुमच्या पेटीत नव्हती. ती तुम्हाला इतकी आवडली की पुढे तुम्ही ती माझ्यावरच वापरायला लागलात.

एकदा मात्र दोष खरोखरच रुळांचा होता. आयुधपूजेला सगळी हत्यारं धुऊन, चंदन-कुंकू लावून शेडमध्ये मांडली होती. त्या दिवशी त्यांना हात लावायचा नाही आणि दुसऱ्या दिवशी विजयादशमीला लावायलाच हवा. म्हणून दुसऱ्या दिवशी सगळे तोप्पूत गेलो, तर तुमचंच काय, एकाचंही इंजिन जागचं हलेना. काकूंनी आदल्या दिवशी भावाकडे जाऊन, बिचारे रूळ वर्षभर गंज खातात म्हणून, सबंध वळसा तिळाच्या तेलाने मायेने पुसून काढला होता. तुम्ही कपाळाला हात लावलात. काकू म्हणाल्या, तुम्ही रोज इंजिनास तेल घालतां, मी एक दिवस रुळांस घातलं तर काय झालं? राख आणि चिंध्या घेऊन आपण अर्धा दिवस रूळ घासत बसलो होतो. त्या दिवशी मी इतकी हसले की मिरजेच्या घराची आठवणही झाली नाही.

आता कानाबद्दल. वाफेचं इंजिन चाकाच्या एका फेऱ्यात चार बीट, म्हणजे वाफेचे चार ठोके, देतं. दोन बाजूंना दोन सिलिंडर, प्रत्येकाचं पुढचं तोंड आणि मागचं तोंड, असे चार. वाफ आत सोडणारा व्हॉल्व्ह नीट मध्यावर बसला असेल तर चारही बीट सारखे येतात. तो केसभर सरकला तर एका तोंडाला वाफ जास्त, दुसऱ्याला कमी. जास्तीच्या धक्क्याला चाक घसरतं, कमीच्या धक्क्याला गाडी मरगळते. हे मला तुम्हीच शिकवलंत, पहिल्या वर्षी, विटांच्या ढिगावर बसवून, डोळे मिटायला लावून. एक, दोन, तीन, चार. चुकलं की पुन्हा. कारखान्यात मी दिवसभर मायक्रोमीटरवर वाचून माल पास-नापास करते. कानाने मोजता येतं हे मला माहीतच नव्हतं. महिन्याभरात मला येऊ लागलं तेव्हा तुम्ही काकूंना बोलावून सांगितलंत की ह्या पोरीस अप्पांचा कान आलाय. त्या वाक्यावर मी कितीतरी दिवस काढले. परगावी एकटं राहणाऱ्या माणसाला असं काही कुणी बोललं की ते पुरतं.

तुमचा स्वतःचा कान तर चौघांना प्रमाण होता. कुणाचंही इंजिन कुरकुरलं की तुमच्याकडे यायचं. तुम्ही डोळे मिटून ऐकायचात, व्हॉल्व्हच्या दांडीवरचा नट सैल करून पाव-अर्धा फेरा द्यायचात, पुन्हा ऐकायचात, मान डोलवायचात. पुढे तुमचा कान गेला. एकदम नाही, हळूहळू. टीव्हीचा आवाज वाढला, काकूंच्या हाका वाढल्या. आणि एका रविवारी मला दिसलं की तुम्ही देवराजन सरांचं इंजिन लावून दिलंत, हात धुवायला विहिरीकडे गेलात, आणि सरांनी घाईघाईने स्पॅनर काढून तुम्ही दिलेला फेरा उलटा फिरवला. मी पाहिलंय हे त्यांच्या लक्षात आलं. ते हळूच म्हणाले की गेलं वर्षभर आम्ही सगळे असंच करतो, रावांना सांगू नकोस, त्यांचं मन मोडेल.

मला ते फार छान वाटलं, काका. चार म्हातारी माणसं एका मित्राचा मान राखायला चोरून नट फिरवतात, याचं मला कौतुक वाटलं. त्यात एक गोष्ट आमच्यापैकी कुणाच्याच ध्यानात आली नाही. बाकीच्यांची इंजिनं त्यांच्या त्यांच्या घरी जायची. तुमचं तुमच्या शेडमध्ये कुलपात राहायचं आणि नट हलला तर कळावं म्हणून तुम्ही त्याच्यावर लाल रंगाचा ठिपका दिलेला असायचा. सगळ्यांचे व्हॉल्व्ह मागाहून कुणीतरी दुरुस्त करत होतं. तुमचे करायला कुणी नव्हतं.

दीड वर्षापूर्वी, पोंगल होऊन गेल्यावरचा रविवार. बाकीचे टिफिन खायला आत गेले होते. तुम्ही इंजिन चिंचेखालून सावकाश पुढे काढलंत आणि मी बाजूने चालत होते. पहिला बीट, दुसरा, तिसरा, आणि चौथा जवळजवळ नाहीच. डाव्या बाजूचं पुढचं तोंड. इतकं उघड की मिरजेच्या माझ्या आईलाही कळलं असतं. तुम्ही वाफ बंद केलीत, माझ्याकडे वळलात. चेहऱ्यावर असं काही होतं, जे मी आधी पाहिलं नव्हतं.

“खरं सांग मा. मज नीट कळना. चारी सारखे आहेत का?”

मी म्हटलं, “सारखे आहेत, काका.”

भीड भिकेची बहीण म्हणतात. मी रोज कारखान्यात केसाच्या दहाव्या भागाएवढ्या चुकीसाठी अख्खी पेटी परत पाठवते, समोरचा सुपरवायझर कितीही मोठा असो. तिथे माझी जीभ अडखळत नाही. इथे तुम्ही सरळ विचारलंत, खरं सांग म्हणून विचारलंत, आणि मी तुमच्या कानाची कीव केली. तुम्ही तमिळमध्ये ‘सरी’, म्हणजे बरं, म्हणालात आणि तुमच्या खांद्यांवरचं ओझं उतरलेलं मला दिसलं. मला वाटलं, मी चांगलं काम केलं.

मग ते दीड वर्ष सुरू झालं. व्हॉल्व्ह बरोबर आहेत हे ठरल्यावर चूक दुसरीकडे असणार, हे तुमचं तर्कशास्त्र अगदी बिनतोड होतं. त्यातून तुम्ही म्हणायचात, देवराजनचं इंजिन ओढतं, बाकीच्यांची ओढतात, त्या अस्क्यांचे व्हॉल्व्ह मींच लावलेत, मग माझेच कां चुकतील? तुम्ही पिस्टनच्या कड्या नव्या केल्यात, एकदा नाही, तीनदा. धुराड्याखालची वाफेची नळी रेसभर वाकडी आहे असं वाटून ती कापून पुन्हा बसवलीत. बॉयलरमधून वाफेबरोबर पाणी जातंय की काय म्हणून आतली नळी बदललीत. एकेक चाक घरातल्या वजनकाट्यावर ठेवून कुठल्या स्प्रिंगवर किती भार येतो ते तपासलंत आणि त्यासाठी काकूंच्या स्वयंपाकघरातला काटा आठवडाभर शेडमध्ये राहिला. शेवटी तुम्ही शिसं आणलंत. चाकांवर वजन वाढवलं की ती घसरायची नाहीत.

त्या शिशावरून आपलं जे भांडण झालं ते अजून मिटलेलं नाही. मी म्हणत होते, वजनाचा दोष नाही, उगाच इंजिन जड करू नका, ॲक्सलवर ताण येईल. तुम्ही म्हणालात, मग दोष कशाचा ते तूं सांग. मी पुन्हा ॲक्सलचंच पुढे केलं. कारण नाही आणि नुसतंच नको म्हणतेस, हे काय इंजिनियरचं बोलणं झालं, असं म्हणून तुम्ही चिडलात. तुमचं चिडणं बरोबर होतं. माझ्याकडे कारण होतं, ते मी जिभेखाली धरून बसले होते. मीही उलट चिडले, जिना चढून वर गेले आणि दार आपटलं. चूक माझी असून दारही मीच आपटलं, हे आज लिहिताना मला स्वतःची फार लाज वाटते.

आणखी एक दिवस आहे. तो आठवला की जेवण जात नाही. गेल्या उन्हाळ्यात काकूंनी रसम वाढता वाढता तुमच्या बहिरेपणाची तक्रार केली. तुम्ही माझ्याकडे पाहून सहज विचारलंत, कान दाखवून यावं का मा, तुज काय वाटतं? सगळं माझ्यापुढे आणून ठेवल्यासारखं विचारलंत. तेव्हा ‘हो, जाऊया’ एवढं म्हटलं असतं तरी पुढचं आपोआप निघालं असतं. मी काय म्हटलं? म्हटलं, कशाला, काकूंची बोलणी ऐकू येत नाहीत तेच बरं. तुम्ही हसलात, काकू हसल्या, मीही हसले. थट्टा करण्यात मी तरबेज आहे असं तुम्ही सगळ्यांना सांगायचात.

मग एका मंगळवारी सकाळी मी कंपनीच्या बसमध्ये असताना काकूंचा फोन आला आणि मी पोचेपर्यंत तुम्ही बोलण्यापलीकडे गेला होतात. दवाखान्यात दोन दिवस तुमच्या उशाशी बसले. सांगावं असं वाटलं. तुम्हाला ऐकू येत नाही म्हणून नाही सांगितलं. तुम्हाला ऐकू येत होतं तेव्हाही नव्हतंच सांगितलं.

गेल्या रविवारी काकूंनीच विषय काढला. इंजिन पाणी धरून बसलंय, गंज खाईल, एकदा चालवून कोरडं करा म्हणाल्या. देवराजन सरांनी व्हॅन आणली. चौघा मित्रांनी मिळून इंजिन उचलून आत ठेवलं. तोप्पूत पोचल्यावर कोळसा पेटवण्याआधी मी स्पॅनर काढला आणि डाव्या बाजूला वाकले. सर शेजारी येऊन उभे राहिले. तमिळमध्ये म्हणाले, राहू दे मा, आता कोणाला कळणार आहे? मी म्हटलं, काकूंना मी सांगणार आहे. मी लाल ठिपका मोडला. नट सैल केला, दांडीला अर्धा फेरा दिला, नट आवळला. एवढंच होतं ते. दोन मिनिटंही लागली नाहीत.

वाफ वर आली. मी पुढच्या ट्रॉलीवर, मागे देवराजन सर, आणखी दोघे मित्र (चौथे चढाच्या पायथ्याशी उभे), काकूंचा भाऊ आणि शेवटी स्वतः काकू, पदर कमरेला खोचून, दोन्ही हातांनी फळी घट्ट धरून. पाच माणसं आणि शिवाय मी. वाफेचा रेग्युलेटर उघडला. एक, दोन, तीन, चार. चारही सारखे, काका. विहिरीपाशी चढ आला तेव्हा मी श्वास रोखला होता, इंजिनाने रोखला नाही. चाक एकदाही घसरलं नाही, वाफेचा काटा जागचा हलला नाही. तीनदा केलेल्या कड्या, सरळ केलेली नळी, तोलून बसवलेल्या स्प्रिंगा, सगळं तिथे कामाला आलं. उतरल्यावर सर म्हणाले की आमच्यातलं एकही इंजिन असं ओढत नाही, तुझ्या त्या एका शब्दामुळे त्यांनी बाकी सगळं इतकं निर्दोष केलं, असंही समज. ते मला धीर देत होते. मी तो धीर घेतला नाही. तो घेतला तर माझं खोटं पुण्य ठरेल, आणि ते तसं नव्हतं.

काकू ट्रॉलीवरून उतरल्या नव्हत्या. त्यांनी मला जवळ बोलावून विचारलं, आज हें कसं ओढलं? मी तिथेच गवतावर बसले आणि सगळं सांगितलं. पोंगलनंतरचा रविवार, तुमचा प्रश्न, माझं उत्तर, मागाहून नट फिरवणारी ही सगळी मंडळी, शिशाचं भांडण, रसमच्या दिवशीची थट्टा. काही वगळलं नाही. चौघेही खाली मान घालून उभे होते. काकू रडतील असं मला वाटलं होतं. त्या विहिरीकडे पाहत अगदी साध्या आवाजात म्हणाल्या,

“म्हणजे तूं तेव्हां सांगितली असतीस तर ते ह्याच्यावर बसले असते.”

मी म्हटलं, “हो, काकू.”

त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला नाही, की मला दूरही लोटलं नाही. फळीवरचा हात काढून पदराला पुसला. मी माफी मागायला लागले तेव्हा मला मध्येच थांबवून म्हणाल्या, “मज नको सांगूंस. ज्यांनी विचारलं त्यांस सांग.”

म्हणून हे लिहिते आहे. माझं वाईट वाटणं सांगायला नाही, तेही आहेच, पण तुम्ही ते विचारलं नव्हतंत. तुम्ही विचारलं होतंत, चारही बीट सारखे आहेत का. नव्हते, काका. डाव्या सिलिंडरचं पुढचं तोंड कमी वाफ घेत होतं. मला तेव्हाही स्वच्छ ऐकू आलं होतं, तुम्हीच शिकवलेल्या कानाने. अर्ध्या फेऱ्याचं काम होतं. तुमचा कान गेला होता आणि ते तुम्हाला सांगायला हवं होतं. सांगितलं असतं तर तुम्ही माझ्यावर खवळला असतात, देवराजन सरांवर तर त्याहून जास्त, आठ दिवस आमच्यापैकी कुणाशी बोलला नसतात, आणि नवव्या दिवशी स्वतःच जिन्याखाली उभं राहून मला हाक मारली असतीत. मी तुम्हाला दुखवलं नाही असं मला वाटत होतं. खरं तर तुमचा राग मला सोसवला नसता, म्हणून मी गप्प बसले.

आता सांगून झालं. रागवायची पाळी तुमची आहे, आणि तुम्ही नाही आहात.

वैशाली